सर्टिफिकेट कोणाचे आणि परीक्षा कोणाची?

बारावीचा निकाल लागला की अलिबाग, पेण, महाडच्या एस.टी. स्थानकांभोवती नवे फलक चढतात. ‘डेटा सायन्स’, ‘सायबर सिक्युरिटी’, ‘क्लाऊड’, ‘फुल स्टॅक’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के नोकरीची हमी’. या फलकांपुढे आपल्या वस्तीतला बाप उभा राहतो. कोणी कंपनीत कंत्राटी कामगार, कोणी बंदरावर, कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात. पोरगा म्हणतो, आयटीत जायचे. बापाला आयटी कळत नाही, पण सर्टिफिकेट हा शब्द कळतो. बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते, पी.एफ.मधून रक्कम काढली जाते आणि वर्षभराने घराच्या भिंतीवर फ्रेम केलेले एक सर्टिफिकेट लागते. नोकरी येत नाही. मग हा बाप फाईल घेऊन वकिलाकडे येतो. अशा फाईली मी बऱ्याच पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

आपल्या समाजाचा कागदावर विश्वास आहे आणि त्याला कारण आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला या कागदांनीच आपल्याला वसतिगृह दिले, शिष्यवृत्ती दिली, सरकारी नोकरी दिली. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, त्याही एका कायदेशीर दुरुस्तीमुळेच. तेव्हा ‘पेपर पक्का कर’ हे आपल्या आजी-आजोबांपासून चालत आलेले शहाणपण आहे. सरकारी दारात ते आजही खरे आहे. खाजगी कंपनीच्या दारात मात्र हिशोब वेगळा असतो आणि आयटीचा जवळजवळ सगळा कारभार खाजगी आहे. तिथे कलम १६(४) नाही. तिथे दाखला विचारत नाहीत, असे आपण समजतो. खरोखर विचारत नाहीत का?

प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी दैनिकांत खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत, त्यांना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. शिक्षण तेच, पात्रता तीच, फरक फक्त नावाचा. एका अर्जावर सवर्ण आडनाव, दुसऱ्यावर दलित, तिसऱ्यावर मुस्लिम नाव. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच भरली. म्हणजे मुलाखत दूरच, लिफाफा उघडल्यावरच चाळणी लागली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की, ‘फॅमिली बॅकग्राऊंड’ हा प्रश्न मुलाखतीत सर्रास विचारला जातो. वडील काय करतात, घरी कोण शिकलेले, कुठे राहता. गुणवत्तेच्या नावाखाली जात शोधायची ही सभ्य पद्धत.

हे सांगायचे कारण एवढेच की, कोणते सर्टिफिकेट घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांसाठी सारखे नसते. ज्याचा मामा हिंजवडीत मॅनेजर आहे, त्याने कुठल्याही क्लासचा कागद आणला तरी चालतो. त्याचे नाव आतून पुढे सरकते. कंपन्यांत ‘रेफरल’ नावाची सोय असते, म्हणजे आतल्या माणसाने शिफारस केलेला उमेदवार. आपल्या पोरांना हा मामा नाही. त्यांच्यासाठी असा पुरावा लागतो, ज्याच्यापुढे आडनाव लटके पडेल. असा पुरावा ज्याने शिकवले त्याच्याच सहीचा असून भागत नाही.

कायद्यात एक जुने तत्त्व आहे, स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये. सर्टिफिकेट तपासायची माझी कसोटी हीच आहे. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा एकच असेल, फी घेणारा आणि ‘उत्तीर्ण’ म्हणणाराही तोच असेल, तर तो कागद म्हणजे पैसे भरल्याची सुबक पावती. क्लासने छापलेला ‘डिप्लोमा’, ‘अॅडव्हान्स डिप्लोमा’, ‘मास्टर डिप्लोमा’ हे सगळे याच जातीचे. (‘मास्टर’ शब्दावर कोणाचाच कर नाही, म्हणून तो इतका स्वस्त झाला आहे.) परीक्षा तिसऱ्याने घेतली, ती ठरलेल्या केंद्रावर ओळखपत्र पाहून झाली आणि तिचा निकाल कंपनीला स्वतः पडताळता आला, तर त्या कागदाला वजन असते.

आता एक-एक बाजू पाहू. सरकारी नोकरीचा मार्ग धरणाऱ्याला एमएस-सीआयटी हवी. २००१ पासून ती महाराष्ट्रात आहे आणि गावोगाव पोहोचली आहे. तिच्या जोडीला केंद्राच्या नायलिट संस्थेची, म्हणजे पूर्वीच्या डोएकची, सीसीसी किंवा ओ लेव्हलही चालते. लिपिक-टंकलेखकासाठी टायपिंग लागते, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचे. हे कागद जरूर घ्यावेत. पण एमएस-सीआयटी म्हणजे आयटीतली नोकरी नव्हे, हे पोरांना स्पष्ट सांगायला हवे. ती संगणक साक्षरता आहे. सायकल चालवता येते म्हणून कोणी गॅरेजमध्ये मेकॅनिक होत नाही.

कंपनीत जायचे असेल, तर आधी काम ठरवावे आणि मग सर्टिफिकेट. आपल्याकडे नेमके उलटे होते. नेटवर्कच्या कामासाठी सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा जगभर ओळखतात. सर्व्हर सांभाळायच्या कामासाठी रेड हॅटची आरएचसीएसए. ही परीक्षा मला विशेष आवडते, कारण तिच्यात पर्यायांवर खुणा करायच्या नसतात. चालू यंत्र पुढ्यात देतात आणि सांगतात, हे बिघडलेले दुरुस्त कर, हे नवे बसव. जमले तर पास. पाठांतराला वाव नाही आणि ‘फॅमिली बॅकग्राऊंड’लाही नाही. क्लाऊडसाठी अॅमेझॉनची क्लाऊड प्रॅक्टिशनर ही पहिली पायरी आहे. ती वाईट नाही, पण ती ओळखपरेड आहे. तिच्यावर कोणी सर्व्हर सोपवत नाही. पुढची असोसिएट पातळी गाठल्यावर बोलणे सुरू होते. सॉफ्टवेअर तपासणीच्या कामाला आयएसटीक्यूबीची फाऊंडेशन परीक्षा चालते. प्रोग्रामिंगचे मात्र वेगळे आहे. तिथे सर्टिफिकेटपेक्षा तुम्ही लिहिलेला कोड पाहतात. ‘गिटहब’ या संकेतस्थळावर तो फुकट ठेवता येतो आणि कोणालाही दाखवता येतो. तुमच्या आडनावाच्या आधी तुमचे काम वाचले जावे, अशी सोय आपल्या वाट्याला फार थोड्या ठिकाणी आली आहे. तिचा उपयोग करून घ्यावा.

खर्चाचेही बोलले पाहिजे. सीसीएनएच्या परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आहे. कर धरून ते पंचवीस हजार रुपयांच्या पुढे जाते. नापास झालात तर पुन्हा तेवढेच. शिवाय यातल्या बहुतेक सर्टिफिकेटांची मुदत तीन वर्षांची असते. तयारी पक्की झाल्याशिवाय परीक्षेचा अर्ज भरू नये. क्लासवाला ‘आधी परीक्षा बुक करा’ म्हणाला तरी भरू नये.

आणि सर्टिफिकेटेही मरतात. २००० सालच्या आसपास मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईची केवढी हवा होती! पोरांनी कर्जे काढून ती केली. मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ ला ती बंद केली. जावा ही भाषा सन या कंपनीची होती. २०१० साली ती कंपनी ओरॅकलने घेतली आणि परीक्षांचे नावगाव बदलले. कंपनीचे नाव पुसले जाते, पण ज्यांना नेटवर्क कसे चालते हे मुळापासून कळले होते, ते टिकले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने नवी धास्ती आणली आहे. साचेबद्ध कोड यंत्र लिहिते. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी सहा महिन्यांत ‘एआय एक्स्पर्ट’ करून देणाऱ्या फलकाला भुलणे म्हणजे बुडत्या होडीचे तिकीट काढणे. लिनक्स, नेटवर्क, डेटाबेसची एसक्यूएल ही भाषा आणि पायथनसारखी एक प्रोग्रामिंगची भाषा हा पाया आहे. हा पाया असलेल्याला यंत्राने लिहिलेल्यातले चूक काय, ते सांगता येते.

हा पाया घालायला लाख रुपये लागत नाहीत. आयआयटी आणि आयआयएससी यांचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. व्याख्याने फुकट ऐकता येतात आणि परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरायचे. तेही क्लासच्या फीपुढे किरकोळ आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत असते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणजे आपल्या कसोटीलाही ती उतरते. इंग्रजी अडते, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहे. लिनक्सपासून पायथनपर्यंतचे छोटे-छोटे पाठ आणि त्यांतले कितीतरी चक्क मराठीत. सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे सरावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात एक रुपयाचे यंत्र न घेता अख्खे नेटवर्क जोडून पाहता येते. पुण्याची बार्टी आपल्या मुलांसाठी वेळोवेळी प्रशिक्षणे काढते, त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

लागतो तो संगणक. मोबाईलवर आयटी शिकता येत नाही, हे निक्षून सांगतो. मोबाईलवर व्हिडिओ पाहता येतो आणि पाहिला म्हणजे आले, असा भ्रम होतो. जुना, वापरलेला, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्यावा, त्यात लिनक्स घालावे. तो मोडावा, पुन्हा बसवावा. एवढे केलेला पोरगा आणि फ्रेम लावलेला पोरगा यांच्यातला फरक मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

आमच्या किनाऱ्याची आणखी एक अडचण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या गावांत वीज आणि मोबाईलची रेंज येईपर्यंत आठवडे गेले. टाळेबंदीत शाळा ऑनलाईन गेल्या त्याच काळात आमची पोरे अंधारात होती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये महाडला पूर आला आणि घराघरातली कागदपत्रे चिखलात गेली. म्हणून दोन गोष्टी. प्रत्येक दाखला, प्रत्येक गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये चढवून ठेवा आणि शिकण्याचे साहित्य फक्त नेटवर ठेवू नका, उतरवून घ्या.

विहारांबद्दलही बोलतो. जवळजवळ प्रत्येक वस्तीत आपले विहार आहे. पौर्णिमेला आणि जयंतीला ते भरते, एरवी कुलूप असते. तिथे चार जुने संगणक, एक इन्व्हर्टर आणि रविवारी दोन तास देणारा एक शिकलेला तरुण एवढे जमले, तर क्लासवाल्याचे निम्मे गिऱ्हाईक कमी होईल. जयंतीच्या डी.जे.चा एका रात्रीचा खर्च आणि चार जुन्या संगणकांची किंमत यांची कार्यकर्त्यांनी एकदा बेरीज-वजाबाकी करावी. मला शिव्या बसतील, पण मांडलेच पाहिजे. आणि पनवेल, ठाणे, पुण्याला आयटीत स्थिरावलेली आपली जी मुले आहेत, त्यांनी वर्षाला दोन पोरांची नावे आपल्या कंपनीत ‘रेफर’ करावीत. मामा नाही, तर मामा व्हा.

काम मुंबई-पुण्यातच आहे, असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला २०२० साली योट्टाचे मोठे डेटा सेंटर उभे राहिले. अशा ठिकाणी केबल, सर्व्हर, नेटवर्क, वीज, वातानुकूलन यांवर चोवीस तास माणसे लागतात. उरणला जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तिथल्या टर्मिनलमध्ये कंटेनरची हालचाल संगणकावर चालते. थळला आरसीएफ, नागोठण्याला रिलायन्स, डोलवीला जेएसडब्ल्यू, महाड आणि रोह्याच्या एमआयडीसी. प्रत्येक कारखान्याला आज नेटवर्क सांभाळणारा, सर्व्हर पाहणारा माणूस लागतो. बापाने त्या गेटवर कंत्राटी मजुरी केली, पोराने तिथल्या सर्व्हर रूममध्ये बसायला काय हरकत आहे?

महाडचे नाव निघाले म्हणून सांगतो. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे पुढे चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या उभारणीतले कॉ. आर. बी. मोरे. त्यांनी लहानपणी शिष्यवृत्तीची परीक्षा जिंकली होती. कागद हातात होता, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. वृत्तपत्रात पत्र छापून आले तेव्हा कुठे दार उघडले. आयटीतही हे घडते, अगदी सातासमुद्रापार घडते. ज्या सिस्कोची परीक्षा वर सांगितली, तिच्याविरुद्धच २०२० साली कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क खात्याने एका दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून जातिभेदाचा दावा लावला. २०२३ मध्ये दोन वरिष्ठांवरचे व्यक्तिगत आरोप मागे घेतले गेले. पण आयटी कंपनीत जात असते का, हा प्रश्न त्या दाव्याने जगापुढे आणला. त्याच २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. तेव्हा सर्टिफिकेटने सगळे सुटेल असे कोणी समजू नये. पण सर्टिफिकेट नसले तर भांडायलाच जागा राहत नाही.

आता वकील म्हणून दोन शब्द. क्लासमध्ये पैसे भरण्यापूर्वी जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. ‘हमी’ तोंडी नको, कागदावर मागा. रोखीने भरू नका, पावती घ्या. मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला कोणाकडेही ठेवायला देऊ नका. मागणाऱ्या क्लासमधून सरळ बाहेर या. फसवले गेलात, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे. ‘फी परत मिळणार नाही’ असे पावतीवर छापले म्हणजे प्रकरण संपले, असे नसते. क्लास ठाण्यात किंवा पुण्यात असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आपल्याला अलिबागच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. वकील लावलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती चुकवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. नोकरीच्या हमीचे खोटे दावे त्यात येतात.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्या चळवळीतही फार थोड्यांना ठाऊक आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण सभांतून म्हणतो. नोकरीत नाही, हे खरे. पण शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ मध्ये कलम ३-अ आहे. नेमून दिलेल्या व्यवसायांत शिकाऊ उमेदवारांच्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव ठेवणे मालकावर बंधनकारक आहे आणि हा मालक सरकारीच असला पाहिजे, असे तिथे म्हटलेले नाही. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणक चालक आणि प्रोग्रामिंग सहाय्यकाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तो या व्यवसायांत बसतो. म्हणजे कमी फीचा ट्रेड, त्याची राष्ट्रीय परीक्षा, मग कारखान्यात वर्षभर विद्यावेतनासह काम आणि शेवटी पुन्हा एक राष्ट्रीय प्रमाणपत्र. कंपनीतला अनुभव वर. ज्या पोराला ‘अनुभव नाही’ म्हणून परत पाठवतात, त्याला अनुभव मिळवण्याची ही कायदेशीर वाट आहे.

थळपासून महाडपर्यंतच्या कारखान्यांत गेल्या तीन वर्षांत किती शिकाऊ उमेदवार घेतले गेले, त्यांत अनुसूचित जातीचे किती, संगणकाच्या ट्रेडचे किती, हे माहिती अधिकारात विचारता येते. अर्ज जिल्ह्यात शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. प्रत्येक तालुक्यातून एक तरी अर्ज जाऊ द्या. उत्तर आले नाही, तर अपिलाचा मसुदा मी विनामूल्य करून देईन.